अ ला काना

उजैरचा डबा माझ्या बापाच्या विहिरीवर बसला, त्या दिवसापासून माझं जेवणावरून मन उडालं. अकरा दिवस मी ताटावर बसत होतो आणि अर्ध्यावर उठत होतो. मंजुषा, माझी बायको, म्हणाली, "ॲसिडिटीची गोळी घ्या." गोळीनं जाणारं दुखणं असतं तर मी गोळ्यांचा अख्खा पत्ता खाल्ला असता.

जवळा बाजार या गावात मी सोळा वर्षांपासून मोटारी भरतो. जळालेली मोटार उघडायची, जुनी तांब्याची तार काढायची, नवी भरायची. भागवत मिस्त्री म्हटलं की कोणीही दुकान दाखवील. दोन वर्षांपूर्वी मी डबे करायला लागलो. डबा म्हणजे विहिरीच्या स्टार्टरशेजारी बसवायची पेटी. आत तळहाताएवढा बोर्ड, बोर्डावर एक चिप, त्या चिपमध्ये आपण लिहिलेला प्रोग्राम. डबा घरच्या वायफायला जोडला गेला की फोनवरचं बटण दाबायचं आणि मोटार सुरू. थ्री फेज लाइट कधी आली, कधी गेली, तेही फोनवर कळतं. हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. व्हिडिओ बघून, बोर्ड जाळून, डोकं आपटून शिकलो. पहिल्या बोर्डात प्रोग्राम जाईना म्हणून दोन दिवस लॅपटॉपला शिव्या घातल्या आणि शेवटी निघालं काय, तर केबल नुसती चार्जिंगची, तिच्यात डेटाची तारच नव्हती. मग कळलं की या जातीच्या बोर्डात प्रोग्राम जाईपर्यंत त्यावरचं बारकं बटण अंगठ्यानं दाबून धरावं लागतं. असा एकेक धडा घेत मी नऊ डबे केले. नऊ विहिरींवर ते आजही चालू आहेत.

दहावा आबांच्या विहिरीवर. तेवढाच चालला नाही.

आबा, म्हणजे माझे वडील तातेराव, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरातच राहतात. आई गेल्यापासून एकटेच. गुडघा धरलेला, तरी हळदीला पाणी द्यायचं म्हणून दिवसातून चारदा विहिरीकडं खुरडत जायचे. त्यांच्यासाठी मी सगळ्यात चांगला बोर्ड घातला होता. आखाड्यावर सिमकार्डचा राऊटर मीच आणून दिला. त्याचं नाव मात्र आबांनी स्वतःच्या जुन्या फोनवरून, माझा हात बाजूला सारून, मराठीत घातलं: आखाडा. मी म्हटलं, इंग्रजीत घाला, सोपं जातं. ते म्हणाले, "इंग्रजी तुझ्या घरी. हा माझा आखाडा हाय."

घातलं तर घातलं. मी प्रोग्राममध्ये तेच नाव लिहिलं, तोच पासवर्ड लिहिला. दुकानात माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला तेच नाव देऊन तपासलं, तर डबा चुटकीसरशी जोडला गेला. विहिरीवर नेला की मेला. लोखंडी पेटीत वायफाय अडतं म्हणून पेटी प्लास्टिकची केली. बोर्डाला करंट कमी पडतो असं वाटलं म्हणून ॲडॅप्टर बदलला. राऊटर माळ्यावरून काढून खिडकीत ठेवला. विहीर घरापासून चाळीस पावलांवर, म्हणजे अंतराचंही निमित्त नाही. लॅपटॉप लावून बघावं तर बोर्ड आजूबाजूच्या वायफायची यादी छापायचा, त्यात ठळक दिसायचं: आखाडा. आणि खालच्याच ओळीत छापायचा: आखाडा सापडला नाही. समोर दिसतंय आणि सापडत नाही म्हणतोय! मी तो बोर्ड हौदात फेकता फेकता राहिलो. तीन बोर्ड बदलले. दोन महिने गेले. आबा रोज फोन करून विचारायचे, "झालं का रे?" मग विचारायचे बंद झाले.

आणि एक दिवस त्यांनी उजैरला बोलावलं.

उजैर म्हणजे मोहियोद्दीनचाचांचा मुलगा. चाचांनी आबांचं ऑइल इंजिन वीस वर्षं सांभाळलं, त्यामुळे दोन्ही घरांचा सलोखा जुना. हा उजैर नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि परत येऊन बसला कुठं, तर माझ्या दुकानासमोर. वय सव्वीस. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बोलणं हळू, गिऱ्हाईक ओरडलं तरी हा "जी, बघतो" म्हणणार. अशा माणसाशी भांडताही येत नाही, हीच तर चीड. तो माझ्याशी वाईट वागला असता तर निदान कारण मिळालं असतं. तो मला रोज सकाळी सलाम करायचा आणि मी रोज स्क्रू शोधायला खाली वाकायचो.

त्यानं आबांचा डबा पंधरा मिनिटांत बसवला. मला हे आबांनीच सांगितलं, तेही भर चौकात, चार माणसांत. "उजैरनं फोनवर समद्या नावांची यादी काढली. म्हणला, काका, यातलं तुमचं कंचं? म्या बोट ठिवलं. झालं! मोटार सुरू." आणि मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "तुझ्या दोन महिन्यांचं काम पोरानं चहा निवायच्या आत केलं." लोक हसले. मीही हसलो. त्या रात्री मंजुषा म्हणाली, "उजैरला एकदा इचारून बघा की, तुमच्या डब्यात काय चुकून राहिलं ते," आणि मी ताट सरकवून उठलो.

मला त्याचं गिऱ्हाईक नको होतं, त्याचं शिक्षणही नको होतं. मला ती एक विहीर हवी होती. नऊ परक्या विहिरींवर माझे डबे, आणि ज्या विहिरीत मी पोहायला शिकलो तिथं ह्याचा. मी समोरच्या दुकानाकडं बघायचो तेव्हा मला उजैर दिसायचाच नाही. त्याच्या डब्यावरचा हिरवा दिवा दिसायचा.

बाजाराच्या दिवशी आबा जवळ्याला येतात. दिवसभर इकडंच असतात. त्या दिवशी मी शटर ओढलं, माझा दहावा डबा पिशवीत घातला आणि आखाड्यावर गेलो. माझा डबा दुरुस्त करायला आखाड्यावर जातो असं मी मंजुषाला सांगून निघालो होतो. खरं म्हणजे मी उजैरच्या डब्यात खोट शोधायला गेलो होतो.

त्याची पेटी उघडून बघितली. तारा सरळ, प्रत्येक तारेला चिठ्ठी, चिठ्ठीवर बारीक अक्षर. बघून जास्तच डोकं फिरलं. मग म्हटलं, याची परीक्षा घेऊ. राऊटर बिघडला, बदलला, तर कच्चा डबा उघडा पडतो. मी राऊटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून तो कोरा केला. मग माझ्या फोनवरून त्यात पुन्हा तेच नाव घातलं, आखाडा, आणि तोच पासवर्ड घातला. म्हणजे बघा, मी काही बिघडवलं नव्हतं. होतं तसंच करून ठेवलं होतं.

उजैरच्या डब्याचा दिवा लाल झाला. पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. लालच. मग सहज म्हणून माझा डबा पिशवीतून काढून लावला आणि तो पहिल्याच झटक्याला जोडला गेला. हिरवा!

का, ते मला कळलं नाही. खरं सांगतो, मी विचारही केला नाही. विहिरीच्या काठावर उभा राहून मी एकटाच हसत होतो. माझा डबा काढून परत पिशवीत घातला, उजैरची पेटी होती तशी बंद केली, आणि लाल दिवा तसाच ठेवून निघालो. रस्त्यात ठरवून टाकलं की उद्या सकाळी आबांचा फोन येईल, मी डबा घेऊन जाईन, आणि चार माणसांत सांगायची पाळी माझी असेल. त्या रात्री मी तीन भाकरी खाल्ल्या.

सकाळी फोन आला, पण मला नाही. समोर उजैर फोन कानाला लावून उभा होता आणि म्हणत होता, "जी काका, आत्ता निघतो." बिघडला तरी त्यालाच! माझा फोन नंतर वाजला. आबा म्हणाले, "उजैर येऊन राहिला. तुबी ये. दोन डोकी असल्याली बरी." मी दुसरं डोकं झालो होतो.

मी पोहोचलो तेव्हा उजैर विहिरीजवळ पोत्यावर मांडी घालून बसला होता. मांडीवर लॅपटॉप, केबल डब्यात. आबा शेजारी काठी टेकून उभे. थ्री फेज लाइट आलेली होती आणि हळदीची पानं माना टाकून होती.

"यादीत नाव दिसतंय," उजैर म्हणाला. "डब्यातबी हेच नाव हाय. तरी सापडत न्हाई म्हणतंय."

माझ्याच दोन महिन्यांचं दुखणं त्याच्या तोंडून ऐकून मला किती बरं वाटलं, सांगू? मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. तो बघून घेतला आणि मग म्हटलं, "आबा, माझा लावून बघू का?"

"बघ बापा. पाणी सुरू झाल्याशी काम."

मी माझा डबा जोडला. दिवा हिरवा. आबांच्या फोनवर बटण दिलं, म्हटलं, "दाबा." त्यांनी दाबलं. खालून मोटारीची घरघर आली आणि पाइपातून पाणी पाटात पडलं. आबा माझ्याकडं बघून हसले, पार डोळ्यांपर्यंत हसले. "आरं तिच्या! आज कसा काय चालला?"

"दुरुस्त केला," मी म्हटलं.

उजैरनं मान वर केली नाही. तो लॅपटॉपवर काहीतरी मोजत होता. मला वाटलं, आता उठेल, तोंड पाडून निघून जाईल. तो उठला नाही.

"भागवतभाऊ, हे बघा एकदा," तो म्हणाला. नाइलाजानं वाकलो. पडद्यावर दोन ओळी होत्या. दोन्हींत एकच नाव, आखाडा, आणि पुढं आकड्यांची रांग. यंत्राला अक्षर कळत नाही, त्याला अक्षरामागचे आकडे कळतात, एवढं मलाही माहीत आहे. "ही वरची ओळ डब्यानं जपून ठिवलेली, काकांनी बोट ठिवलं व्हतं ते नाव. अठरा आकडे. आन् ही खालची, आत्ता हवेत हाय ते नाव. पंधराच आकडे. दिसायला एक, पन तीन आकड्यांचा फरक हाय. समदा फरक पहिल्याच अक्षरात."

मग तो आबांना म्हणाला, "काका, ते नाव तुमीच घातलं व्हतं ना? कसं लिवलं व्हतं, मला पुन्हा दावता का?"

आबांना कोणी लिहून दाखवा म्हटलं की आवडतं. दुसरीत शाळा सुटली, पण अक्षर गिरवायचं सुटलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, जुना फोन घेतला आणि एका बोटानं लिहायला लागले. तोंडानं बोलत बोलत, पाटीवर लिहितात तसं. "आधी अ. मग त्याला काना. अ ला काना आ. ख ला काना खा. ड ला काना डा." आणि फोन उजैरसमोर धरला. "आखाडा. चुकलं का काही?"

फोनवर सरळ स्वच्छ आखाडा दिसत होतं.

"न्हाई काका," उजैर म्हणाला. "बराबर हाय. पन आत्ता राऊटरात हाय ते असं लिवलेलं न्हाई."

फोनच्या कळफलकात आ हे अख्खं अक्षर एका बटणावर मिळतं. मी तेच दाबतो, सगळेच तेच दाबतात. आबांनी अ दाबला होता आणि वेगळा काना दिला होता, कारण हातानं लिहिताना आ तसाच होतो. डोळ्याला एकच, आकड्यांना दोन. दोन महिने माझा बोर्ड माझ्या आ ला शोधत होता आणि हवेत माझ्या बापाचा आ होता. मी पेटी बदलली, ॲडॅप्टर बदलला, तीन बोर्ड बदलले. आबा, तुम्ही हे कसं लिहिलं, एवढं एकदाही विचारलं नाही. उजैरनं पहिल्या दिवशी नाव लिहिलंच नव्हतं. त्यानं यादी पुढं धरली आणि म्हणाला, यातलं तुमचं कोणतं.

"मंग म्या लिवलेलं गेलं कुठं?" आबांनी विचारलं. "कुनी बदललं?"

आता उजैरनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, एकदाच. माझा डबा आज का चालला, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. पंधरा आकड्यांचा आ कोणाचा, हेही कळलं होतं. मी त्याच्या जागी असतो तर चौकात जाऊन सांगितलं असतं. मी तयार होतो. खरं तर मला वाटत होतं की त्यानं सांगावंच, म्हणजे मग मला त्याच्यावर उघड उघड चिडता येईल.

"लाइटीचा झटका बसला असंल काका," तो म्हणाला. "राऊटर कोरा व्हतो कधी कधी. आपोआप."

आपोआप कोरा झालेला राऊटर स्वतःला पुन्हा आखाडा असं नाव देत नाही. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं.

"माझं नाव मला परत पायजे," आबा म्हणाले. "म्या लिवलं तसंच."

उजैरनं राऊटर आणून दिला. आबांनी पुन्हा एका बोटानं लिहिलं. नाव बदललं तसा माझ्या डब्याचा दिवा लाल झाला आणि उजैरच्या डब्याचा, जो आता लॅपटॉपच्या केबलवर नुसता पोत्यावर पडून होता, हिरवा. मला वाटलं, आता आबा म्हणतील, उजैरचाच राहू दे. पण आधी बोलला उजैर. "भाऊ, तुमच्या प्रोग्रामात नाव काकांसारखं लिवा. आ नका दाबू. अ, मंग काना. माझी केबल घ्या, डेटाची हाय."

मी माझा लॅपटॉप उघडून पोत्यावर बसलो, त्याच्या केबलनं, त्याच्या शेजारी. अ दाबला. काना दिला. प्रोग्राम पाठवताना बोर्डावरचं बटण दाबून धरायला मला हात पुरेना, तर त्यानं न सांगता अंगठा ठेवला. प्रोग्राम गेला. दिवा हिरवा झाला. आबांनी बटण दाबलं आणि पाणी पुन्हा सुरू झालं.

उजैरनं त्याचा डबा, तारा, चिठ्ठ्या सगळं नीट पिशवीत भरलं. आबांनी चहासाठी आग्रह केला, तर म्हणाला, दुकान उघडंच टाकून आलोय. जाताना मला म्हणाला, "येतो भागवतभाऊ." मी मान हलवली. त्याला शुक्रिया म्हणणं माझ्याच्यानं झालं नाही.

तो गाडीपर्यंत जाईस्तोवर आबा थांबले.

"उजैर खोटं बोलला," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "त्याला जमत न्हाई. कान लाल झाले पोराचे."

"आबा..."

"काल बाजारात तुझ्या दुकानावर आलो व्हतो. म्हनलं, चहा घ्यावा. शटर खाली. सोळा वर्षांत तू बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठिवलं न्हाई, तुझं लगीन सोडून. मंजुषा म्हनली, आखाड्यावर गेले."

मी माझ्या डब्याच्या पेटीला हात घातला.

"डबा काढू का?" मी विचारलं.

"काहून? राहू दे." आबांनी काठी बाजूला ठेवली आणि पाटाचं तोंड फिरवायला कुदळ उचलली. "उजैरचा चांगला व्हता म्हणून बसविला व्हता. तुझा राहू दे. पोराचा हाय, म्हणून."

ते हळदीकडं गेले. पाणी पाटानं त्यांच्यामागं निघालं. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं: माझा डबा बापाच्या विहिरीवर होता आणि दिवा हिरवा होता. वर रस्त्यावर उजैरची गाडी अजून दिसत होती, हँडलला ती पिशवी अडकवलेली. त्याचा डबा त्या पिशवीत होता, तरी मला त्याचाच हेवा वाटत होता.